गोलावरची सरळ रेघ
(प्रस्तावना)

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात नवी बाग लागण्याआधी ठिबकच्या सबमेन पाइपला भोके पाडण्याचे काम निघते. पाइप अडीच इंची, म्हणजे बाहेरून ७५ मिमीचा, सहा मीटर लांबीचा, पीव्हीसीचा. त्यावर ओळींच्या अंतराने एकेक भोक, भोकात रबरी ग्रोमेट, ग्रोमेटमध्ये टेक-ऑफ आणि त्याला लॅटरल. काम एवढेच. पण ही सगळी भोके पाइपच्या माथ्यावर एका ओळीत यावी लागतात. ओळ फिरली तर पहिला टेक-ऑफ वर आभाळाकडे निघतो आणि शेवटचा कुशीवर. कुशीवरच्या टेक-ऑफवर माती दाबते, नळी मुडपते, ग्रोमेट एका अंगाने ताणला जातो आणि तिथून पाणी पाझरू लागते. शेतकरी ग्रोमेटला दोष देतो. दोष रेघेचा असतो.

ही पुस्तिका त्या रेघेबद्दल आहे. नळी, दांडा, शाफ्ट, खांब अशा गोल वस्तूवर तिच्या अक्षाला समांतर रेघ घरच्या घरी, मोजक्या हत्यारांनी कशी मारायची, एवढाच तिचा विषय. विषय छोटा आहे, पण मराठीत तो सलग कुठे मांडलेला माझ्या वाचनात नाही. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये व्ही-ब्लॉक, सरफेस प्लेट, सरफेस गेज हे सगळे शिकवले जाते आणि ते चांगलेच शिकवले जाते. अडचण पुढे येते. मुलगा पास होऊन अमळनेरला किंवा शिरपूरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे काम सुरू करतो, तेव्हा त्याच्याजवळ ग्राइंडर असतो, वेल्डिंग मशीन असते, एक व्हाइस असते. सरफेस प्लेट नसते. मग शिकलेली रीत बाजूला पडते आणि रेघ डोळ्याने मारली जाते.

खानदेशात गोल वस्तूंचे काम रोजचे आहे. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी उभ्या केलेल्या उद्योगाने जळगावला पाइप आणि ठिबकचे गाव म्हणून देशभर ओळख दिली. गाडेगावला सुप्रीमचा मोठा पाइपचा कारखाना आहे. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, तरुण विश्वेश्वरय्यांनी सरकारी नोकरीच्या अगदी आरंभी पांझरेच्या खोऱ्यात पाइपचा सायफन बांधला होता. शिवाय डाळमिलचे शाफ्ट, कडबाकुट्टीचे रोलर, विहिरीवरच्या पंपांचे पाइप आणि ट्रॉलीचे ॲक्सल आहेतच. भुसावळच्या रेल्वेत आणि वरणगावच्या आयुध निर्माणीत आयुष्यभर हत्यार चालवलेली माणसे निवृत्तीनंतर जळगाव-धुळे या दोन जिल्ह्यांत राहतात, आणि त्यांच्या हातात जे आहे ते बहुतेक वेळा त्यांच्याबरोबरच संपते. ते कागदावर यावे ही या पुस्तिकेमागची मोठी इच्छा आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो, कारण ती नीट कळली तर पुढच्या सगळ्या रीती आपोआप कळतात.

सपाट जागेवर सरळ रेघ मारणे सोपे आहे. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याची नवी वस्ती आखली, काटकोनात रस्ते काढले, तेव्हा जमीन सपाट होती आणि दोरी ताणली की काम होत होते. गवंडी आजही तेच करतो. दोन खुंट्यांमध्ये ताणलेले सूत सरळच असते, त्याला दुसरा मार्गच नसतो. गोलावर मात्र हेच सूत फसवते. पाइपच्या एका तोंडाशी एक खूण केली, दुसऱ्या तोंडाशी दुसरी केली आणि दोन्हींमध्ये सूत कितीही ताणले, तरी ते त्या दोन खुणांमधला जवळचा रस्ता धरते. खुणा एकाच ओळीत नसतील तर हा जवळचा रस्ता मळसूत्री असतो. सूत पाइपला चिकटून बसते, कुठे ढिले राहत नाही, कुठे घडी पडत नाही, आणि पाहणाऱ्याला ते सरळ वाटते.

किती फसवते ते पाहा. ७५ मिमी पाइपचा परीघ सुमारे २३६ मिमी. दुसऱ्या टोकाची खूण पाव फेरा सरकली, म्हणजे जवळजवळ ५९ मिमी बाजूला गेली, असे समजा. सहा मीटर लांबीत या तिरक्या सुताची लांबी सरळ सुतापेक्षा जेमतेम ०.३ मिमी जास्त भरते. एवढा फरक हाताला कळत नाही, टेपवर दिसत नाही. कापडी किंवा पोलादी टेप पाइपवर अंथरली तरी तीच गत, कारण तीही सुतासारखीच गोलाला वळसा घालून निवांत बसते. लवचीक वस्तूला गोलावरची सरळ रेघ आणि मळसूत्री रेघ यांतला भेद कळत नाही. तो फक्त ताठ वस्तूला कळतो.

म्हणून या पुस्तिकेतल्या सगळ्या रीती एकाच तत्त्वावर उभ्या आहेत. गोल वस्तूला स्वतःची कड नसते. पाटीला कड असते, फळीला असते, लाटण्याला नसते. तेव्हा सरळपणा बाहेरून आणावा लागतो: ताठ अँगलच्या कडेपासून, सपाट ओट्यापासून, लेथच्या बेडपासून, किंवा ओळंब्याच्या दोरीपासून. कोणती वस्तू हाताशी आहे त्यावर रीत ठरते.

सर्वांत स्वस्त रीत अँगलची. लोखंडी अँगलचा तुकडा पाइपवर पालथा ठेवला की त्याच्या दोन्ही पाकळ्यांच्या कडा पाइपला टेकतात आणि अँगल आपोआप पाइपच्या अक्षाला समांतर होतो. कडेने पेन्सिल ओढली की रेघ तयार. ही रीत बऱ्याच जणांना माहीत असते, पण तिच्यातली एक अट फार थोडे पाळतात. पाकळीची आतली रुंदी पाइपच्या त्रिज्येपेक्षा कमी हवी. २५ × २५ × ३ चा अँगल घेतला तर आतली रुंदी २२ मिमी. ७५ मिमी पाइपची त्रिज्या ३७.५ मिमी, त्यामुळे कडा नीट टेकतात. हाच अँगल २५ मिमीच्या शाफ्टवर ठेवला तर त्रिज्या १२.५ मिमी, पाकळ्यांची पोटे शाफ्टला लागतात आणि कडा हवेत राहतात. मग स्क्रायबर आत शिरतो, कधी कमी कधी जास्त तिरपा होतो आणि रेघ वाहते. पेन्सिलचा कलही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलू देऊ नये.

अँगल सरळ आहे हे गृहीत धरू नका. भंगारातून उचललेला अँगल बहुधा कुठे ना कुठे वाकलेला असतो. सपाट प्लायवर त्याच्या कडेने बारीक रेघ मारा, अँगल त्याच पातळीत अर्धा फेरा फिरवून रेघेच्या दुसऱ्या अंगाला आणा आणि तीच कड त्याच दोन टोकांना टेकवा. कड वाकडी असेल तर मध्ये फट दिसते, आणि ती फट खऱ्या वाकापेक्षा दुप्पट दिसते. म्हणून ही तपासणी इतकी चांगली आहे: चूक मोठी करून दाखवते.

अँगल पाइपपेक्षा आखूड असतो. पुढे सरकवताना मारलेल्या रेघेवर त्याची किमान निम्मी लांबी टेकलेली ठेवावी. सहा मीटरसाठी याहून बरी रीत ओळंब्याची आहे. पाइप दोन लाकडी ठोकळ्यांवर पक्का ठेवायचा, हलू द्यायचा नाही. दोन्ही तोंडांसमोर ओळंबा असा सोडायचा की दोरी तोंडाच्या बरोबर मधून जाईल. दोरी वर जिथे पाइपची कड ओलांडते तिथे खूण करायची. आता दोन्ही टोकांचे माथे सापडले. या दोन खुणांमध्ये खडू लावलेले सूत ताणून फटका मारला तर तो खरा असतो, कारण सुताला फसवायला वाव उरलेला नाही. पाइपवरची कंपनीची छापील ओळ मात्र रेघ म्हणून वापरू नये. ती आय.एस. ४९८५ चा शिक्का आणि माप सांगण्यासाठी असते, रेघ मारण्यासाठी नव्हे.

पीव्हीसीवर स्क्रायबर कधीही ओढू नका. दाबाच्या पाइपवर ओरखडा पडला की तडा जायला तीच जागा मिळते. पेन्सिल किंवा मार्कर पुरतो.

आडवी रेघ, म्हणजे पाइपभोवतीचे कडे, कागदाच्या पट्टीने काढतात. सरळ कडेची पट्टी पाइपभोवती गुंडाळायची आणि कडेवर कड बरोबर बसवायची. पट्टीच्या दोन टोकांच्या कडा जुळल्या की वर्तुळ अक्षाला काटकोनात आहे असे समजावे. परिघाचे समान भागही या पट्टीनेच होतात: परिघाएवढी पट्टी कापून घडी घातली की दोन, पुन्हा घातली की चार, आणखी एक घडी घातली की आठ. परीघ काढायला व्यासाला २२/७ ने गुणायचे की अधिक बारीक आकडा घ्यायचा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या जळगाव जिल्ह्याशी जोडलेले आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दोन्ही गुणोत्तरे दिली आहेत: सूक्ष्म ३९२७/१२५० आणि स्थूल २२/७. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याचा, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सांगतो की त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी हा लेख प्रकाशात आणला. ७५ मिमी पाइपला स्थूल गुणोत्तराने परीघ २३५.७ मिमी येतो, सूक्ष्माने २३५.६ मिमी. फरक ०.१ मिमी, पेन्सिलच्या रेघेपेक्षा कमी. घरच्या कामाला २२/७ पुरते. मात्र पट्टी प्रत्यक्ष गुंडाळून घेणे हिशेबापेक्षाही बरे, कारण पाइप नेहमी छापल्या मापाचाच असतो असे नाही.

शाफ्टचे काम याहून वेगळे आहे आणि पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग मी त्याला दिला आहे. कडबाकुट्टीच्या किंवा डाळमिलच्या २५ मिमी शाफ्टवर पुली बसवायची म्हणजे चावीचा गाळा काढायचा. २२ ते ३० मिमी शाफ्टला ८ × ७ मिमीची चावी लागते, शाफ्टमध्ये तिची खोली ४ मिमी. मिलिंग मशीन नसेल तर हा गाळा छिन्नी-कानशीने काढतात आणि तो निघतोही उत्तम, पण रेघ बरोबर असेल तरच. २५ मिमी शाफ्टवर एक अंश म्हणजे परिघावर फक्त ०.२२ मिमी. अर्धा मिमी चूक झाली की दोन अंशांहून जास्त तिरपे झाले. एकाच शाफ्टवर दोन पुली असतील तर तेवढ्याने दोन गाळे एकमेकांशी जुळत नाहीत.

सरफेस प्लेट नसेल तर स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कामातून उरलेला पॉलिश ग्रॅनाइटचा तुकडा आणावा, किंवा १२ मिमी जाडीची काच. दोन्ही आपल्या कामापुरती सपाट असतात. व्ही-ब्लॉकऐवजी टणक लाकडाचे दोन ठोकळे एकत्र आवळून दोन्हींत एकाच वेळी काटकोनी खाच कापावी. वेगवेगळ्या कापल्या तर उंची जुळत नाही आणि शाफ्ट एका अंगाला झुकतो. सरफेस गेज नसेल तर जाड बुडाच्या चौकोनी ठोकळ्याला आडवी पक्की बसवलेली टोकदार सळई चालते. ती हलता कामा नये, एवढे पाहावे.

आता शाफ्ट खाचेत ठेवा. बहुतेक जण इथे चुकतात. रेघ माथ्यावर हवी म्हणून ते सळईचे टोक माथ्याच्या उंचीला आणतात आणि माथ्यावरून ओढतात. माथ्यावर गोलाचा उतार अगदी कमी असतो. टोक माथ्यापेक्षा फक्त ०.१ मिमी खाली असले तरी रेघ माथ्यापासून जवळपास १.६ मिमी बाजूला पडते. तीच ०.१ मिमीची चूक शाफ्टच्या कुशीवर, म्हणजे अक्षाच्या उंचीवर, झाली तर रेघ ०.१ मिमीच सरकते. म्हणून रेघ नेहमी कुशीवर मारायची. माथ्याची उंची मोजा, त्यातून त्रिज्या वजा करा, त्या उंचीला टोक पक्के करा आणि ठोकळा ग्रॅनाइटवर सरकवत कुशीवर एकच रेघ ओढा. तीच उंची न बदलता शाफ्टच्या तोंडावरही आडवी रेघ मारा. मग शाफ्ट पाव फेरा फिरवा. तोंडावरची रेघ गुण्याला उभी लागली की कुशीवरची रेघ बरोबर माथ्यावर आलेली असते. तिच्या दोन्ही अंगांना ४-४ मिमीवर गाळ्याच्या कडा आखा आणि मग डॉट पंच मारा. पंच हलका मारावा. खोल पंच गाळ्याच्या काठावर राहिला तर शाफ्टला तो घातकच.

लोखंडावरची बारीक रेघ दिसावी म्हणून दुकानात निळा रंग मिळतो. खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घरात त्याहून जुनी वस्तू बोर्डो मिश्रणासाठी आणून ठेवलेली असतेच: मोरचूद. चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवून स्वच्छ, तेल पुसलेल्या, पॉलिश पेपरने घासलेल्या शाफ्टवर फडक्याने लावले की काही क्षणांत तांब्याचा तांबूस थर चढतो. त्यावर स्क्रायबरची रेघ पांढरीशुभ्र उठून दिसते आणि हात लागून पुसली जात नाही. जस्त चढवलेल्या जीआय पाइपवर ते लावू नये, तिथे काळा गाळ साचतो आणि रेघ दिसतच नाही. मोरचूद विषारी आहे. वाटी स्वयंपाकघरातली घेऊ नका, उरलेले पाणी गुराढोरांच्या वाटेत ओतू नका आणि हात साबणाने धुवा.

लेथ असेल तर सगळे सोपे होते. राजकोट किंवा बटाल्याकडून आलेला जुना लेथ थोडाफार झिजलेला असला तरी त्याचा कॅरेज बेडवरून आपल्या कामापुरता सरळ जातो, आणि तोच आपला सरळपणा. टोकदार टूल अक्षाच्या उंचीला बांधावे, स्पिंडल फिरणार नाही असा अडवावा आणि कॅरेज हाताने ओढावा. मोटरचा मेन स्विच आधी बंद करा, मग शाफ्टला हात लावा. गिअरच्या दातांवरून परिघाचे समान भाग कसे करायचे, याचे स्वतंत्र प्रकरण आहे. ६० दात असतील तर दर दाताला सहा अंश, आणि बऱ्याच कामांना तेवढे पुरते.

एक रीत मला विशेष आवडते. तिला हत्यार जवळजवळ लागतच नाही, म्हणून ती इथेच सांगतो. गोठ्याचा किंवा मांडवाचा लोखंडी खांब उभा केला आहे, आणि त्याला पट्ट्या वेल्ड करायच्या आहेत. खांब ओळंब्यात आहे हे आधी तपासून घ्या. मग सकाळी आठ-नऊच्या उन्हात खांबापासून चार बोटांवर ओळंबा सोडा. दोरीची सावली खांबावर पडते, आणि खांब कितीही गोल असला तरी ती सावली खांबाच्या अक्षाला बरोबर समांतर असते, कारण दोरी आणि सूर्य मिळून जी पातळी होते ती उभीच असते. सावलीवरून पेन्सिल ओढा. दोरी लांब नेली तर सावली पसरते. हातभर अंतरावर ती कित्येक मिमी रुंद आणि धूसर होते. वारा असेल तर ओळंब्याचे वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, डुलणे थांबते. सावली सरकत असते, म्हणून रेघ एका दमात मारा. चैत्र-वैशाखात भर दुपारी मात्र हे करू नका. ऊन फार वरून येते आणि रेघ धड दिसत नाही.

पुस्तिकेत वेल्डिंग नाही, मिलिंग नाही, महागड्या हत्यारांच्या जाहिराती नाहीत. काही ठिकाणी एकाच कामाच्या दोन रीती दिल्या आहेत, कारण एकाच्या शेडमध्ये जे असते ते दुसऱ्याच्या शेडमध्ये नसते. मापे मिलिमीटरमध्ये आहेत. आपल्याकडचे मिस्त्री अजून सुतात मोजतात, त्यांच्यासाठी शेवटी तक्ता जोडला आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिमी.

वाचकांना एक विनंती आहे. जळगाव-धुळ्याच्या कारखान्यांतून, रेल्वेतून, आयटीआयतून निवृत्त झालेली फिटर-टर्नर मंडळी तुमच्या गल्लीत असतील. त्यांच्याकडे ही पुस्तिका घेऊन बसा, त्यांची रीत विचारा आणि ती शेजारच्या कोऱ्या पानावर आकृतीसह लिहून ठेवा. कोरी पाने त्यासाठीच सोडली आहेत. कामाला सुरुवात करायची असेल तर दुसरे प्रकरण आधी उघडा आणि हातातला अँगल तपासा.